परसातलं पत्र्याचं खोपटं

आजोबांच्या अवजारांचं हे खोपटं. गेल्या वर्षी पत्र्यावर गेरू फासून, तांदळाच्या पिठात डिंक कालवून वारली चित्रं काढली. पहिल्याच पावसात सगळी वाहून गेली. फार जीव लावला होता! ही चित्रं मुळात घराच्या आत, कुडाच्या सारवलेल्या भिंतीवरची. पत्रा काही शोषूनच घेत नाही.

मग दिवाळीनंतर पॉलिश पेपरने गंज खरवडला, गंज पुन्हा धरू नये म्हणून रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात दिला, वर गेरव्या रंगाचा ऑइलपेंट. नीट वाळल्यावर बांबूच्या काडीचं टोक ठेचून पांढऱ्या ऑइलपेंटने तारपा नाच, म्हणजे तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरून केलेला वारली नाच, काढला. पाडलेल्या माजघराची सागवानी खिडकीही बसवली. तिची पितळी कडी आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेली, ती तशीच ठेवली.

यंदाचा जुलै सरला, एकही रेघ निघालेली नाही.