घटस्फोटानंतर मूल कोणाच्या टॅक्स रिटर्नवर? अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी

"डिक्रीत स्पष्ट लिहिलंय, यंदा मुलगी माझ्या रिटर्नवर." अमेरिकेत घटस्फोट झालेले बरेच जण एवढ्या भरवशावर रिटर्न भरून मोकळे होतात आणि मग आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचं, पत्र येतं. आयआरएसला फॅमिली कोर्टाच्या डिक्रीशी, म्हणजे घटस्फोटाच्या आदेशाशी, फारसं देणंघेणं नसतं. डिक्री २००८ नंतरची असेल, तर तिची पानं फॉर्म ८३३२ ऐवजी (मुलावरचा दावा दुसऱ्या पालकाला सोडून देण्याचा आयआरएसचा फॉर्म) जोडूनही चालत नाहीत. आयआरएस बघतं ते दोनच गोष्टींकडे : मूल किती रात्री कुठे झोपलं आणि फॉर्म ८३३२ वर सही आहे की नाही.

आधी रात्री मोजा

वर्षाचं कॅलेंडर समोर घ्या. ज्या पालकाकडे मूल जास्त रात्री राहिलं, तो कस्टोडियल पालक. डिक्रीत 'जॉइंट कस्टडी' असली तरी मोजणी हीच. आठवडा तुझा, आठवडा माझा असं चालत असेल तरी वर्षाच्या ३६५ रात्री दोघांत सारख्या वाटल्या जात नाहीत. एकाकडे १८३, तर दुसऱ्याकडे १८२. ती एक रात्र हजारो डॉलरची असू शकते. लीप वर्षात १८३-१८३ अशी बरोबरी झालीच, तर ज्याचं अॅडजस्टेड ग्रॉस इन्कम (ठरावीक वजावटींनंतरचं रिटर्नवरचं उत्पन्न) जास्त, तो कस्टोडियल.

आपल्याकडे हमखास गोंधळ होतो तो उन्हाळ्याच्या सुट्टीचा. मूल सहा आठवडे नाशिकला आजीकडे होतं, मग त्या रात्री कोणाच्या? आई स्वतः सोबत राहिली असेल तर आईच्या. मूल एकटं गेलं असेल, तर एरवी त्या रात्री ज्याच्या घरी गेल्या असत्या, त्याच्या खात्यात. समर कॅम्पचंही तसंच. आणि ३१ डिसेंबरची रात्र सरत्या वर्षात धरायची. पालक रात्रपाळी करत असेल आणि त्यामुळे मूल त्याच्याकडे दिवसाच जास्त राहत असेल, तर रात्रींऐवजी दिवस मोजतात.

नोंद त्याच वेळी ठेवा. फोनच्या कॅलेंडरमध्ये रोज एक अक्षर टाकलं तरी पुरे. शाळेचं पत्र, डॉक्टरांची नोंद, विमानाची तिकिटं यांवर पत्ता आणि तारखा असतात; ती जपून ठेवा.

कोणाला काय मिळतं

काहीच कागद केला नाही, तर सगळे फायदे कस्टोडियल पालकाकडे जातात. २०२५ च्या रिटर्नवर १७ वर्षांखालच्या मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे थेट करातून वजा होणारी सूट, आहे. त्यासाठी मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर हवा. एच-४ (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा) व्हिसावरच्या, सोशल सिक्युरिटी नंबरऐवजी आयटीआयएन हा करापुरता नंबर असलेल्या मुलाला ते मिळत नाही. त्याच्यामागे ५०० डॉलरचं दुसरं क्रेडिट मिळू शकतं.

कस्टोडियल पालकाने ठरवलं, तर हे क्रेडिट दुसऱ्याला देता येतं. पण त्याबरोबर सगळंच जात नाही. हेड ऑफ हाउसहोल्ड हा (एकट्याने घर चालवणाऱ्यांसाठीचा) दर्जा, अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाईवाल्यांसाठीचं) आणि १३ वर्षांखालच्या मुलाच्या डेकेअरचं क्रेडिट यांसाठी दावा कस्टोडियल पालकालाच करता येतो, अर्थात त्यांच्या बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर. हेड ऑफ हाउसहोल्डचं स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) २०२५ साठी २३,६२५ डॉलर आहे आणि सिंगलचं १५,७५०. "सही केली तर माझं सगळंच जाईल" या भीतीने अडून बसलेल्यांनी हे आकडे आधी बघावेत.

दोघांत बोलणं असेल, तर रिटर्न दोन्ही प्रकारे करून पाहा. सिंगल किंवा हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणून भरणाऱ्याचं उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर गेलं की चाइल्ड टॅक्स क्रेडिट घटत जातं. अशा पालकाकडे ते अडकवून ठेवण्यात अर्थ नाही.

फॉर्म ८३३२ : इथे घाई नको

सही कस्टोडियल पालकाची लागते. दुसरा पालक तो फॉर्म आपल्या रिटर्नला जोडतो, आणि दावा करेल त्या प्रत्येक वर्षी जोडतो. ई-फाइल करताना पीडीएफ जोडता येते, नाहीतर फॉर्म ८४५३ या आवरणपत्रासोबत टपालाने पाठवतात.

फॉर्मवर चालू वर्षासाठी वेगळी जागा आहे आणि पुढच्या वर्षांसाठी वेगळी. माझं मत विचाराल, तर एका वेळी एकाच वर्षाची सही द्या. सम वर्षं तुझी, विषम माझी असं डिक्रीत ठरलं असलं तरी. पुढची सगळी वर्षं एकदम लिहून दिली आणि मग चाइल्ड सपोर्ट थकला, तर सही मागे घेता येते, पण लगेच नाही. २०२६ मध्ये तसं कळवलं, तर ते २०२७ पासून लागू होतं.

कस्टोडियल पालक डिक्री मोडून सहीच करत नसेल, तर आयआरएसकडे तक्रार करून उपयोग नाही. दाद फॅमिली कोर्टातच मागायची.

दोघांनीही तेच मूल दाखवलं तर

दुसऱ्याने मूल दाखवून आधी ई-फाइल केलं असेल, तर तुमचं रिटर्न परत येतं. तुमचा दावा खरा असेल तर मागे हटू नका. आयआरएसकडून आयडेंटिटी प्रोटेक्शन पिन (ओळख पटवणारा गुप्त आकडा) घेतला, तर २०२४ च्या रिटर्नपासून अशा स्थितीतही ई-फाइल होतं. नाहीतर कागदी रिटर्न टपालाने पाठवा. नंतर दोघांनाही सीपी८७ए नावाचं पत्र येऊ शकतं. त्यात कोणाचं चुकलं ते सांगितलेलं नसतं. आपापला दावा तपासा, एवढंच असतं. चूक तुमची असेल, तर १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून दुरुस्त करा. नसेल, तर रात्रींची नोंद हाताशी ठेवा.

आणि मूल कायमचं भारतात राहायला गेलं असेल तर? ते अमेरिकेचं नागरिक नसेल आणि करापुरतं तिथलं रहिवासीही नसेल, तर त्याला डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती) म्हणून दाखवता येत नाही, मग त्याचा खर्च तुम्ही दरमहा पाठवत असलात तरी.