ट्रॅक्टरची लिफ्ट: झाकण खोलण्याआधी दोष कसा शोधावा

छोट्या ट्रॅक्टरची, मागचे औजार तेलाच्या दाबाने उचलणारी लिफ्ट बिघडली की पहिला संशय पंपावर घेतला जातो आणि दुसरा पिस्टनच्या सीलवर. दोन्ही संशय कधीकधी खरे ठरतात. परंतु नवा पंप बसवल्यावर दोष जागच्या जागीच असल्याचे लक्षात येणे, हेही तितकेच नेहमीचे आहे. लिफ्टचे झाकण उतरवणे म्हणजे सीटपासून लिव्हरपर्यंत सगळे मोकळे करणे असल्यामुळे ते काम सर्वांत शेवटी ठेवावे. दोष पंपाच्या बाजूला आहे, व्हॉल्व्हमध्ये आहे की सिलिंडरमध्ये, हे बाहेरून करता येण्याजोग्या काही चाचण्यांवरून बऱ्याच खात्रीने सांगता येते.

त्यासाठी तेलाचा मार्ग डोळ्यांसमोर असावा. अनेक छोट्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचे तेलच लिफ्टसाठी वापरले जाते. ते गाळणीतून ओढले जाते, इंजिनवर फिरणारा गिअर पंप ते कंट्रोल व्हॉल्व्हकडे ढकलतो, तेथून, तेल मागे फिरू न देणारा चेक व्हॉल्व्ह पार करून ते सिलिंडरमध्ये शिरते आणि पिस्टन रॉकर शाफ्टमार्फत, म्हणजे हात बसवलेल्या आडव्या दांड्यामार्फत, लिफ्टचे हात वर उचलतो. वाटेत दाब मर्यादेबाहेर गेला, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल परत सोडतो. या साखळीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: उचलण्याचा वेग तेलाच्या प्रवाहावर अवलंबून असतो आणि उचलण्याची ताकद दाबावर. पिस्टनचा व्यास ८० मिलिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरते. प्रति चौरस सेंटिमीटर १५० किलो दाबाला त्यावर साधारण ७,५०० किलो बल मिळते आणि दाब १०० वर घसरला तर ते ५,००० वर येते. म्हणजे एक तृतीयांश ताकद गेली, तरी रिकामे हात मात्र झटक्यात वर जातील, कारण त्यांना दाब लागतोच किती! त्यामुळे ‘रिकामी लिफ्ट चांगली उचलते’ या वाक्यावरून काहीही सिद्ध होत नाही. प्रत्येक चाचणी औजार जोडूनच करावी.

उचललेल्या औजाराखाली केवळ तेलाच्या भरवशावर कोणीही शिरू नये. खाली हात घालायचाच असेल, तर भक्कम ठोकळे किंवा स्टँड लावावेत. कोणताही पाइप सैल करण्यापूर्वी औजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे आणि लिव्हर दोन-तीनदा वरखाली करून अडकलेला दाब मोकळा करावा. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावी. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाने उडालेले तेल कातडी भेदून आत जाते. जखम किरकोळ दिसते, पण तिच्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

आता साध्या गोष्टींपासून सुरुवात करावी. ड्राफ्ट कंट्रोलचा, म्हणजे जमिनीच्या ओढीनुसार औजार वरखाली करणाऱ्या यंत्रणेचा लिव्हर चुकीच्या जागी राहिलेला असणे, ट्रॉलीसाठी तेल वळवणारा लिव्हर बाहेरच्या बाजूला असणे आणि खाली येण्याचा वेग ठरवणारा नॉब पूर्ण आवळलेला असणे, या तीन कारणांनी निरोगी लिफ्टही आजारी वाटते. औजाराचे वजन आणि त्याचे अंतर हेही पाहावे. लिफ्टची क्षमता मोजण्याच्या पद्धतींत एक मोजमाप खालच्या हातांच्या टोकांपासून ६१० मिलिमीटर मागे घेतात. औजाराचा भार त्याहूनही मागे पडत असेल, तर कागदावर झेपणारे वजन प्रत्यक्षात झेपत नाही.

तेलाची पातळी ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून, लिफ्ट खाली ठेवून आणि इंजिन बंद करून पाहावी. टिपिंग ट्रॉली जोडल्यावर तिच्या जॅकमध्ये बरेच तेल जाते आणि त्यानंतर पातळी घटलेली असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे; शंका असल्यास तापवलेल्या पत्र्यावर थेंबभर टाकून तडतडते का ते ऐकावे. फेस दिसला, तर सक्शनच्या, म्हणजे पंपाकडे तेल ओढणाऱ्या बाजूने हवा ओढली जात आहे. हवेची जागा शोधण्याचा जुना उपाय आजही चालतो: इंजिन चालू ठेवून सक्शन पाइपच्या एकेका जोडावर घट्ट ग्रीस फासावे, ज्या जोडावर पंपाचा आवाज बदलेल तोच दोषी.

यानंतरचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे: त्रास तेल थंड असताना होतो की तापल्यावर? सकाळी पंप किंचाळतो, लिफ्ट रेंगाळते आणि तेल गरम झाल्यावर दोन्ही सुधारतात, असे असेल, तर घट्ट तेल तुंबलेल्या गाळणीतून येऊ शकत नाही असे समजावे. याउलट सकाळी सगळे ठीक आणि तासाभराने लिफ्ट दम सोडते, असे असेल, तर तेल पातळ होऊन कुठल्या तरी झिजलेल्या फटीतून निसटत आहे. ती फट पंपात असेल, स्पूलभोवती, म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्याभोवती असेल किंवा पिस्टनच्या सीलपाशी. पहिल्या प्रकारची तक्रार असलेल्या एका ट्रॅक्टरची गाळणी मी बाहेर काढली, तेव्हा जाळीवर धातूचा चुरा जवळजवळ नव्हता. होत्या त्या निळसर, रबरासारख्या पट्ट्या, एकमेकींत गुंतून जाळीला घट्ट चिकटलेल्या. आधीच्या दुरुस्तीत पॅकिंगवर सढळ हाताने लावलेले सीलंट आतल्या बाजूला ओघळले होते आणि तुटून तेलात गेले होते. गाळणी धुतली आणि तक्रार संपली. सीलंट पातळ थरातच लावावे, आणि आतले भाग पुसायला धागे सोडणारे कापड वापरू नये.

गाळणी स्वच्छ असूनही ताकद कमी असेल, तर दाब मोजावा. बाहेरच्या पोर्टवर, म्हणजे ट्रॉलीसाठी तेल घेण्याच्या तोंडावर, ०–२५० बारचा गेज जोडून, तेल कोमट झाल्यावर, इंजिन पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांवर ठेवून रिलीफ व्हॉल्व्ह उघडेपर्यंत दाब चढवावा; ही स्थिती पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकवू नये, कारण तेल झपाट्याने तापते. काटा कमी आकड्यावर पण स्थिर थांबला आणि इंजिनच्या फेऱ्या वाढवूनही तेथून हलला नाही, तर रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ झाली आहे किंवा त्याच्या बैठकीत कचरा अडकला आहे. फेऱ्यांबरोबर काटा चढतो आणि तेल तापेल तसा खचतो, तर पंप झिजल्याचा संशय बळावतो. पोर्टवर दाब पूर्ण मिळत असेल आणि लिफ्टच तेवढी अशक्त असेल, तर पंपाला हात लावण्याचे कारण नाही. दोष पुढच्या अर्ध्या मार्गात आहे. रिलीफ व्हॉल्व्ह अंदाजाने आवळून ताकद वाढवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यात पंपाचे किंवा लिफ्टचे कास्टिंग तडकू शकते.

उचललेले औजार खाली उतरते ही तक्रार खडूने तपासावी. औजार पूर्ण वर घेऊन खालच्या हाताच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजावी, लिफ्टच्या हातावर आणि कास्टिंगवर एकमेकांसमोर खूण करावी, इंजिन बंद करून पाच आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. अगदी थोडी उतरण पुस्तिकेत मान्य केलेली असते. उतरण जास्त असेल, तर तीच चाचणी खाली येण्याचा वेग ठरवणारा नॉब पूर्ण आवळून करावी, मात्र त्या ट्रॅक्टरवर हा नॉब सिलिंडरचा मार्ग पूर्ण बंद करणारा असला पाहिजे. नॉब बंद करून औजार थांबले, तर तेल नॉबच्या मागे, म्हणजे चेक व्हॉल्व्ह किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमधून परतत होते. नॉब बंद असूनही उतरण तशीच राहिली, तर पिस्टनचे सील किंवा सिलिंडरला जोडलेला सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो आहे. एवढ्या एका फरकावर पुष्कळदा झाकण काढायचे की नाही याचा निर्णय होतो.

इंजिन चालू असताना औजार दर काही सेकंदांनी मान डोलावल्यासारखे वरखाली होते, हा वेगळा आजार नसून त्याच गळतीचे दुसरे रूप आहे. हात थोडे उतरतात, पोझिशन कंट्रोलच्या, म्हणजे हात लिव्हरने ठरवलेल्या उंचीवर ठेवणाऱ्या यंत्रणेच्या कड्या ते ओळखतात, व्हॉल्व्ह उघडतो आणि हात पुन्हा जागेवर येतात. इंजिन बंद केल्यावर औजार खचले, की हे निदान पक्के होते.

लिव्हर सर्वांत वर नेल्यावर रिलीफ व्हॉल्व्ह सतत किंचाळत राहतो, तेव्हा बहुधा त्याच कड्यांची जुळणी चुकलेली असते आणि हात आपल्या मर्यादेला टेकल्यावरही तेल येत राहते. पूर्ण उचललेल्या रिकाम्या हातांना हाताने आणखी किंचित वर ढकलता आले पाहिजे. तेवढी मोकळीक नसेल तर जुळणी करावी.

शेवटी झाकण काढावेच लागले, तर सिलिंडरच्या आतून नख फिरवावे. नख अडकेल असा ओरखडा असेल, तर नवे सील फार दिवस टिकणार नाही आणि सिलिंडरचाही विचार करावा लागेल. ओ-रिंगबरोबर तिला आधार देणारी कडक बॅकअप रिंग असल्यास ती दाबाच्या विरुद्ध बाजूला बसते; उलट बसवली तर ओ-रिंग दाबाने फटीत ढकलली जाऊन कापली जाते. बसवताना तेल लावावे आणि धारदार कडेवरून ओ-रिंग ओढू नये.

जोडणी झाल्यावर पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे तेल भरावे, इंजिन काही मिनिटे मंद चालवावे, रिकामी लिफ्ट आठ-दहा वेळा वरखाली करून हवा काढावी आणि पातळी पुन्हा पाहावी. मग औजार जोडून तासभर काम करावे आणि तेल पुरते तापल्यावर खडूच्या त्याच खुणांशी उंची ताडून पाहावी.