टाच दुखत होती, मूळ पोटरीत निघालं
सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं, दहा-बारा पावलं चाललं की जरा बरं, आणि ऑफिसात तासभर बसून उठलो की परत तेच. जेलचे हील कप घेतले, बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवली, सगळं तात्पुरतं. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं तेव्हा तर घाबरलोच, पण तसं हाड काहीच न दुखणाऱ्यांनाही असतं (हे आधी कळलं असतं तर एक रात्र नीट झोपलो असतो).

शेवटी फिजिओने भिंतीसमोर उभं केलं, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा म्हणाल्या. डावा लागला, उजवा चार बोटं अलीकडेच अडकला. म्हणजे पोटरी कडक, घोटा पुढे वाकत नाही, मग चालताना टाच लवकर उचलली जाते आणि ताण येतो तळव्याच्या पट्ट्यावर, जो टाचेच्याच हाडाला जोडलेला असतो.

मग भिंतीला हात टेकून स्ट्रेच, एकदा गुडघा सरळ आणि एकदा वाकवून, कारण पोटरीत वरचा मोठा स्नायू वेगळा आणि आतला सोलिअस वेगळा, त्या आतल्याला गुडघा वाकवल्यावरच नीट ताण बसतो, मी नेमकं तेच करत नव्हतो. ३० सेकंद, ३ वेळा. एक दिवसाआड पायरीवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा हळूहळू वर-खाली. फरशीवर अनवाणी चालणं बंद, बायको हसते, हसू दे.

पहिले ३ आठवडे काही नाही. साधारण १० आठवड्यांनी सकाळचं पहिलं पाऊल सरळ पडलं, लांब चाललो की अजून थोडं जाणवतं.