सिनेमाबरोबर जपानी, कोरियन किंवा चिनी: विद्यापीठात दोन्ही कसं शिकावं

कोरियन मालिकांमुळे कोरियन शिकायला लागलेली, दिग्दर्शक कुरोसावांचे चित्रपट बघून जपानीकडे वळलेली मुलं आता महाराष्ट्रातही भेटतात. त्यातल्या काहींना पदवीलाच दोन्ही विषय हवे असतात, सिनेमाही आणि ती भाषाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हे जमतं, भारतात थोडा वळसा घालून जमतं. मात्र दोन विषयांचा स्वभाव सारखा नाही. सिनेमाचा एखादा कोर्स यंदा राहिला तर पुढच्या वर्षी घेता येतो. भाषेची एक पायरी राहिली की पुढचं सगळं अडतं. म्हणून वेळापत्रक आधी भाषेचं लावायचं आणि सिनेमा त्याच्या भोवती बसवायचा.

१. भाषा एकच घ्या

अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था जपानी, कोरियन आणि मँडरिन (चीनची प्रमाण भाषा) यांच्यासाठी सुमारे २,२०० वर्गतास धरते, म्हणजे फ्रेंच-स्पॅनिशच्या साधारण तिप्पट. आता विद्यापीठाचा हिशेब करा. आठवड्याला ५ तास, वर्षाला ३० आठवडे; चार वर्षांत होतात ६०० तास. उरलेले कुठून आणायचे, हे पहिल्याच वर्षी ठरवावं लागतं. दोन भाषा एकदम घेणाऱ्याचं काय होणार ते वेगळं सांगायला नको.

हा आकडा इंग्रजी भाषकांसाठी काढलेला आहे. मराठी माणसाला जपानी आणि कोरियनमध्ये थोडी सूट मिळते. क्रियापद शेवटी आणि ‘ला’, ‘ने’, ‘त’सारखे प्रत्यय नामामागून, ही रचना आपल्या अंगवळणी पडलेली असते. चित्रलिपीत मात्र कुणालाच सूट नाही. जपानमध्ये रोजच्या वापराच्या अधिकृत यादीतच २,१३६ कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, आहेत.

निवड कोणत्या काळाचा आणि कुठला सिनेमा अभ्यासायचा यावरून करा. ‘चिनी’ म्हणताना इथेच गफलत होते. मँडरिन शिकून हाँगकाँगचा बहुतेक सिनेमा कानांनी कळत नाही, कारण तो कँटोनीजमध्ये आहे. तैवानचे होउ श्याओ-शियेन यांच्या १९८९ साली व्हेनिसमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या चित्रपटात तर तैवानी, मँडरिन, जपानी अशा भाषा एकमेकींत मिसळतात. शिवाय चीनमध्ये सोपी केलेली लिपी चालते, तैवान आणि हाँगकाँगमध्ये पारंपरिक. कोर्स कोणती शिकवतो ते आधी विचारा. कोरियनची २४ मूळ अक्षरं आठवड्याभरात येतात. पण जुनी कोरियन मासिकं वाचायची तर त्यात चिनी अक्षरं भरपूर असतात, आणि १९१० ते १९४५ या जपानी सत्तेच्या काळातल्या सिनेमावर काम करायचं तर जपानीही लागते.

२. विद्यापीठ निवडताना तीन गोष्टी तपासा

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: सिनेमा बनवायचा आहे की अभ्यासायचा? चित्रीकरणाचे दिवस अख्खे जातात आणि भाषेचा वर्ग तर जवळजवळ रोज असतो. दिग्दर्शन आणि भाषा असा मेळ घालणारे असतात, पण त्यांची झोप कमी असते. चित्रपट-अभ्यास, म्हणजे इतिहास, सिद्धांत आणि विश्लेषण, भाषेशी सहज जुळतो. हा लेख त्याच वाटेचा आहे.

तपासायचं ते असं. भाषेचे वर्ग चौथ्या वर्षाच्या पातळीपर्यंत आहेत का? अनेक ठिकाणी दुसऱ्या वर्षानंतर गाडी थांबते. चित्रपट विभागात तुमच्या भाषेतल्या सिनेमावर संशोधन करणारे प्राध्यापक आहेत का? आणि ग्रंथालयात काय आहे? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दोन्ही विषय आहेत आणि तिथल्या पूर्व आशियाई ग्रंथालयात जपानी सिनेमाच्या इतिहासावरचा माकिनो संग्रह आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहालयाचा जपानी साठा जपानबाहेरच्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. लंडनच्या सोआसमध्ये (आशिया आणि आफ्रिकेच्या अभ्यासाची विद्यापीठ संस्था) जपानीच्या चार वर्षांच्या पदवीत एक वर्ष जपानमध्येच काढायचं असतं.

अमेरिकेत मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जाहीर करता येतो. ब्रिटनमध्ये अर्ज करतानाच विषय ठरलेला लागतो. ज्याचं मन अजून डळमळतं आहे त्याने ब्रिटनचा अर्ज घाईने भरू नये.

३. पहिलं वर्ष भाषेला द्या

पहिल्या सत्रात भाषेचा वर्ग घ्या, सिनेमाचा एकच प्राथमिक कोर्स घ्या, उरलेली जागा अनिवार्य विषयांना. बऱ्याच विद्यापीठांत भाषेचा पहिला भाग फक्त वर्षाच्या सुरुवातीच्या सत्रात असतो. तो चुकला की वर्ष गेलं. भारतातून थोडी भाषा शिकून गेला असाल तर पातळी-चाचणी द्या, पण फुगवून वरच्या वर्गात बसू नका. ‘जपान’ किंवा ‘कोरिया’ नाव असलेला सिनेमाचा कोर्स दोन्ही विषयांत मोजला जाईल का, आणि असे किती मोजतात, हे सल्लागाराकडून लेखी घ्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सघन वर्ग शोधा. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरी कॉलेजात उन्हाळी भाषाशाळा असतात. तिथे शिकायच्या भाषेशिवाय दुसरी न बोलण्याची शपथच घ्यावी लागते.

४. चित्रपट दोनदा बघा, प्रसंग दहादा

पहिल्यांदा उपशीर्षकं लावून अख्खा चित्रपट बघा. मग तीन मिनिटांचा एकच प्रसंग घ्या, उपशीर्षकं बंद करा आणि ऐकू येईल तसे संवाद लिहून काढा. शेजारच्या रकान्यात कॅमेरा कुठे आहे, कट कधी येतो, ते टिपा. पात्रं एकमेकांशी आदराने बोलता बोलता एकेरीवर कधी येतात तेही बघा. अहो-अरेची सवय असलेल्या आपल्या कानांना हे लवकर पकडता येतं, आणि कट त्याच्या आसपास येतो का तेही बघा. सामुराईपटातली जुन्या वळणाची जपानी मात्र दुकानात बोलू नका.

साहित्याची अडचण पूर्वीइतकी नाही. कोरियन फिल्म अर्काइव्हच्या यूट्यूब वाहिनीवर जुने चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह फुकट आहेत.

काहींना वाटतं, मूकपटांचा अभ्यास करू, भाषेची कटकट नको. उलट तिथेच भाषा जास्त लागते. भारतात १९३१ मध्ये बोलपट आला. जपानमध्ये दिग्दर्शक ओझू १९३५ मध्येही मूकपट काढत होते. याचं एक कारण बेन्शी, म्हणजे पडद्याशेजारून पात्रांचे आवाज काढणारे, गोष्ट सांगणारे निवेदक. त्यांना चाहते होते, त्यांच्या नावावर तिकिटं खपत. कोरियातही असे निवेदक होते. ते काय बोलत, लोकांना काय आवडे, हे कळायचं तर त्या वेळची ध्वनिमुद्रणं ऐकावी लागतात, १९१९ पासून निघणाऱ्या ‘किनेमा जुन्पो’सारख्या नियतकालिकांची पानं चाळावी लागतात. त्यातलं बरंचसं आजही इंग्रजीत आलेलं नाही. माझ्या मते पदवीच्या प्रबंधाला यापेक्षा चांगला विषय सापडणं अवघड आहे.

५. तिकडचं वर्ष उशिरा घ्या

एक्स्चेंजचं वर्ष, म्हणजे ती भाषा बोलणाऱ्या देशातल्या विद्यापीठात काढायचं वर्ष, तिसऱ्या वर्षाआधी घेऊ नका. जपानी क्षमता-परीक्षेत पाच पातळ्या आहेत, एन-५ सगळ्यात सोपी. निदान एन-३ होऊन गेलात तर अभिलेखागारात (जुने चित्रपट आणि कागदपत्रं जपणाऱ्या अर्काइव्हमध्ये) काही हाती लागतं, नाहीतर वर्ष भाषेचे प्राथमिक धडे गिरवण्यातच जातं. टोकियोत क्योबाशीचं राष्ट्रीय चित्रपट अभिलेखागार आणि वासेदा विद्यापीठाचं १९२८ चं नाट्यसंग्रहालय, सोलमध्ये सांगाम-दोंगचं कोरियन फिल्म अर्काइव्ह, हाँगकाँगमध्ये साय वान हो इथलं अर्काइव्ह, ही कामाची ठिकाणं. भारतात जपानी विषयात पदवी करणाऱ्यांसाठी जपान सरकारची वर्षभराची शिष्यवृत्ती आहे. कोरिया सरकारच्या पदवी-शिष्यवृत्तीत एक वर्ष भाषाशिक्षणाचं असतं.

६. परदेश परवडत नसेल तर

पुण्यासारखी सोय देशात फारशी कुठे नाही. रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी आहे, क्षमता-परीक्षेचं केंद्र आहे. आणि १९६४ पासूनचा राष्ट्रीय चित्रपट संग्रह विधी महाविद्यालय रस्त्यावर. त्याच रस्त्यावरच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेचे चित्रपट रसग्रहणाचे छोटे वर्गही करता येतात. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने दोन पूर्णवेळ पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली, मुख्य अट ही की तासांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत. दुसरी वाट म्हणजे दिल्लीच्या जेएनयूत जपानी, कोरियन किंवा चिनीची पदवी आणि मग एमए: कोलकात्याच्या जादवपूरला चित्रपट-अभ्यासात, किंवा जेएनयूतच कला आणि सौंदर्यशास्त्रात, ज्यात सिनेमाचाही अभ्यास असतो.

घरचे ‘पुढे काय?’ विचारणारच. सिनेमाच्या बाजूने उत्तर डळमळीत आहे, भाषेच्या बाजूने तसं नाही. एन-२ झालेल्यांना पुण्याच्या कंपन्यांत काम मिळतं.

७. प्रबंधाला दोन मार्गदर्शक घ्या

एक चित्रपट विभागातले, एक भाषा विभागातले. पहिले तुमच्या मांडणीत खोट काढतील, दुसरे भाषांतरात. विषय मात्र संदर्भांची यादी हातात आल्यावरच पक्का करा: मूळ भाषेतला निदान एक लेख स्वतः वाचून झालेला हवा आणि चित्रपटाची चांगली प्रत कुठे मिळते ते ठाऊक हवं.