गोल्फची मोठी स्पर्धा पाहायला जाताना दिवस कसा आखावा

गोव्यात गोल्फ पाहण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. काणकोणला राजबागच्या किनाऱ्यालगत नऊ होलचा (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतचा एक टप्पा) एक कोर्स आहे. परंतु जगातले नामांकित व्यावसायिक खेळाडू प्रत्यक्ष खेळताना पाहायचे असतील, तर आपल्याला दिल्लीकडेच वळावे लागते. १९६४ पासूनची इंडियन ओपन ही स्पर्धा २०१७ पासून गुरुग्रामच्या डीएलएफ गोल्फ अँड कंट्री क्लबवर भरत आली आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर झालेल्या डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिपला नामांकित खेळाडू रोरी मॅकिलरॉय आला होता. ती जिंकली टॉमी फ्लीटवुडने. मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि द ओपन या चार मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धांसाठी मात्र अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये जावे लागते, आणि मास्टर्सचे तिकीट तर सोडतीत नाव निघाले तरच मिळते. पुढील आखणी दिल्लीच्या स्पर्धेसाठी असली, तरी थोड्याफार फरकाने ती कोठेही चालेल.

पहिले काम म्हणजे दिवस निवडणे. स्पर्धा गुरुवार ते रविवार चालते; रोज १८ याप्रमाणे एकूण ७२ होल खेळले जातात. बहुतेकांना रविवारच हवा असतो. माझे मत विचाराल तर प्रथमच जाणाऱ्याने शुक्रवार निवडावा. पहिले दोन दिवस सगळेच खेळाडू मैदानात असतात, तिघातिघांचे गट पहिल्या आणि दहाव्या होलवरून दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने सुटत राहतात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोठे ना कोठे काहीतरी पाहण्यासारखे चाललेले असते. शिवाय शुक्रवारी ‘कट’, म्हणजे छाटणी, लागतो. डीपी वर्ल्ड टूर या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे एवढेच खेळाडू पुढे जातात. उरलेल्यांना सहसा बक्षिसाची रक्कमही मिळत नाही. त्यामुळे आघाडीवरच्यापेक्षा बारा फटके मागे असलेला माणूस एका पटसाठी (चेंडू खळग्यात ढकलणाऱ्या हलक्या फटक्यासाठी) कसा जीव तोडून खेळतो, हे त्या दिवशी दोन हातांवरून पाहता येते, आणि त्याच्या गटामागे गर्दीही नसते.

दिल्लीला मोपा आणि दाबोळी दोन्हींकडून थेट विमाने आहेत. आदल्या संध्याकाळी पोहोचणेच बरे. तिकीट काढावे लागते की नुसती नोंदणी पुरते आणि आत काय नेता येते, हे स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर आधीच पाहून ठेवावे. पायांत मात्र रुळलेले, न घसरणारे बूट हवेत. कोर्सची लांबी सात हजार यार्डांच्या आसपास, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर असते, आणि प्रेक्षकाला दोरीच्या बाहेरून वळसे घालत जावे लागत असल्याने त्याची चाल त्याहून जास्त होते. आपल्याकडे घामाच्या धारा लागल्या की पाण्याची आठवण होते. दिल्लीच्या कोरड्या उन्हात घाम दिसत नाही, म्हणून तहान नसली तरी पाणी पीत राहावे. टोपी आणि छोटी दुर्बीण सोबत असावी.

आदल्या दिवशी गटांच्या सुरुवातीच्या वेळा जाहीर होतात. त्यांतून दोन-तीन गट निवडून त्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात.

आत शिरल्यावर पहिल्या टीकडे (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेकडे) धाव न घेता आधी सरावाच्या रेंजवर जावे. माझ्या मते दिवसातला सर्वांत शिकवणारा अर्धा तास तोच. खेळाडू बहुधा वेज या जवळच्या फटक्यांच्या क्लबने (क्लब म्हणजे गोल्फची काठी) हलके फटके मारून सुरुवात करतो, हळूहळू लांबच्या क्लबांकडे जातो आणि सर्वांत लांब मारणारा ड्रायव्हर शेवटी काढतो. दिशा नेमकी राहावी म्हणून पायांपुढे गवतावर एक बारीक काठी आडवी ठेवलेली असते. फटका झाला की कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस) ओल्या टॉवेलच्या टोकाने क्लबच्या खाचांतली माती पुसतो आणि क्लब परत हातात देतो. चेंडूवर क्लब बसल्याचा तो कोरडा, ठणठणीत आवाज टीव्हीवर कधीच नीट ऐकू येत नाही.

यानंतर ठरवायचे ते एवढेच, की चालायचे की बसायचे. मडगावच्या दिंडीत जसे काही जण दिंडीबरोबर चालतात आणि काही जण बैठकीची जागा आधीच धरून बसतात, तसेच इथेही आहे. दोन्ही एकदम करू पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. सकाळी नऊ होल एका गटाबरोबर चालावे आणि दुपारी एका जागी बसावे, हे उत्तम. चालताना खेळाडूच्या बरोबरीने न राहता एक फटका पुढे राहावे: टीवरचा फटका एकदा पाहून झाला की पुढच्या होलला चेंडू जिथे पडणार तिथे आधीच जाऊन थांबावे. दिल्ली गोल्फ क्लबचे फेअरवे (टीपुढच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्या) अरुंद आणि दोन्ही बाजूंना दाट झुडपे, त्यामुळे तिथे मॅकिलरॉयसारख्या लांब मारणाऱ्यानेही ड्रायव्हर वापरणे टाळले होते. अशा कोर्सवर चेंडू पडण्याची जागा पाहण्यातच खरी गंमत असते. बसण्यासाठी पार तीनच्या, म्हणजे तीन फटक्यांत संपणे अपेक्षित असलेल्या होलचे ग्रीन (खळग्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) निवडावे, आणि तेथून पुढची टीही दिसत असेल तर जागा सोडू नये.

गुण समजायला सोपे असतात. प्रत्येक होलसाठी अपेक्षित फटके म्हणजे पार. एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. फलकावर पारपेक्षा कमी असलेला आकडा बहुधा लाल रंगात दाखवतात.

वागण्याचे नियम मोजके असले तरी कडक आहेत. गर्दी सांभाळणाऱ्या मार्शलने हात वर केला की आहात तिथेच थांबावे आणि कुजबुजही बंद करावी. फोन आवाज बंद करून ठेवावा. मास्टर्सला तर तो आत नेताच येत नाही. ‘फोर!’ अशी इशाऱ्याची आरोळी ऐकू आली की वर पाहू नये, डोके हातांनी झाकून खाली वाकावे. चेंडू पायाशी येऊन थांबला तर त्याला हात न लावता दूर व्हावे, कारण तो जिथे आहे तिथूनच खेळायचा असतो. मात्र थांबलेल्या चेंडूला चुकून कोणाचा पाय लागून तो हलला, तर खेळाडूला दंड होत नाही, पण तो मूळ जागी परत ठेवावा लागतो. एक गोष्ट मात्र सर्रास चुकते: आवडत्या खेळाडूचा चेंडू होलमध्ये गेला की लोक लगेच उठून चालू लागतात, आणि त्याच गटातल्या दुसऱ्याचा चार फुटांचा पट तेव्हा बाकी असतो. तिघांचेही संपेपर्यंत बसून राहावे.

रविवारचेच तिकीट काढले असेल, तर त्याच संध्याकाळचे परतीचे विमान घेऊ नये. गुण समान झाले तर प्लेऑफ, म्हणजे जादा होलांचा निर्णायक खेळ, होतो, आणि विजा चमकू लागल्या किंवा अंधार पडला तर खेळ थांबवून उरलेले होल सोमवारी सकाळी खेळवतात.