माकडतापाच्या रिव्ह्यूत एआयने दिलेले खोटे संदर्भ कसे निस्तरले
गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या माकडतापावर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (आधीचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून घेतलेला आढावा) करत होते, एआयने पाच पेपर सुचवले, नावं अगदी खरी वाटणारी, पण एकाचा डीओआय (पेपरचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) टाकला तर भलताच, माशांवरचा पेपर उघडला, पोटात गोळाच आला. मग सगळं परत केलं. एआयकडून फक्त सर्चचे पर्यायी शब्द घेतले, आजार १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडला म्हणून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे नाव, त्याचंच लघुरूप केएफडी, मंकी फीवर वगैरे, आणि शोध पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसवर स्वतः चालवला. फोंड्याची मैत्रीण आणि मी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (पेपरांचे सारांश) स्वतंत्रपणे चाळले, एआयचं मत शेवटी बघितलं, त्याने एक कामाचा पेपर चक्क बाद केलेला! टूल, व्हर्जन, तारीख, प्रॉम्प्ट मेथड्समध्ये लिहिलं, प्रिझ्मा २०२० या, असे रिव्ह्यू कसे मांडायचे ते सांगणाऱ्या नियमावलीप्रमाणे ऑटोमेशन टूल वापरलं तर तसं सांगायचंच असतं.