पियानो सुरात लावताना: कान की यंत्र?

पियानो सुरात लावण्याच्या पद्धती प्रामुख्याने दोन आहेत: नादकाटा घेऊन कानाने लावणे आणि ट्यूनर किंवा मोबाइलवरील अ‍ॅप पाहून लावणे. गोव्यात मात्र आधी ऋतू पाहावा. पावसाळ्यातील दमट हवेने साउंडबोर्डचे (तारांचा नाद मोठा करणाऱ्या फळीचे) लाकूड फुगते व सूर चढतो, कोरड्या दिवसांत तो उतरतो. त्यामुळे चतुर्थीला लावलेला पियानो नाताळपर्यंत सुरात राहीलच असे नाही.

कानाने लावताना ४४० हर्ट्झच्या नादकाट्याशी मधला ‘ए’ जुळवून त्याखालच्या ‘ए’वर यावे आणि तेथून पंचम-मध्यमांच्या संवादाने सप्तकातील बारा स्वर बसवावेत. प्रत्येक पंचम शुद्ध लावून सुमारे दोन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराच्या अंतराचा शंभरावा भाग) उतरवायचा असतो. खालच्या ‘ए’ आणि त्याच्या पंचमात चार सेकंदांत साधारण तीन विस्पंद (सूर नेमके न जुळल्याने आवाजात येणारी लहर) ऐकू यावेत. येथे तानपुऱ्यावर तयार झालेला कान हमखास फसतो. तानपुऱ्याच्या षड्जातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा पियानोचा गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो (आपल्या भजनातील हार्मोनियमचाही तसाच), आणि तो कानाला खटकतो म्हणून उतरवला, तर एक पट्टी गोड होऊन बाकीच्या बिघडतात.

यंत्राने हा गोंधळ टळतो आणि वेळही वाचतो. परंतु गिटारसाठीचा साधा ट्यूनर येथे कामाचा नाही. ताठ तारेचे उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) गणिती पटींपेक्षा किंचित चढे असतात, म्हणून वरची सप्तके थोडी चढी आणि खर्ज थोडा उतरता ठेवावा लागतो; हा चढ-उतार प्रत्येक पियानोत निराळा असल्याने त्याच वाद्याचे उपस्वर मोजून हिशेब करणारे, खास पियानोसाठीचे अ‍ॅप निवडावे.

माझ्या मते नवशिक्याने मधले सप्तक अ‍ॅपने लावावे आणि गंधार-संवादाचे विस्पंद खालून वर क्रमाने वेगवान होतात का, हे कानाने पडताळावे. बहुतेक स्वरांना तीन तारा असतात. त्यांपैकी दोन फेल्टने दाबून एक लावावी, मग उरलेल्या एकेक करून तिच्याशी मिळवाव्यात, आणि हे मिळवणे कानावरच सोपवावे, कारण तेथे यंत्राच्या काट्यापेक्षा कान अधिक बारीक पकडतो. खुंटी किंचित चढवून परत खाली आणावी आणि त्या स्वराची पट्टी दोन-तीनदा जोरात वाजवावी. सूर हलला, तर खुंटी अजून बसलेली नाही असे समजून तीच तार पुन्हा घ्यावी.